एक शेड वर

“तुमचं बरंय काकू. तुमच्यावर काही दिसतच नाही.”

पोरगी हे सहज बोलून गेली. काउंटरवरच्या गोल आरशात वाकून, हनुवटीवरचा पिकलेला फोड दोन बोटांत धरून, कोकिळाकडे न बघताच. ऑक्टोबरातली शुक्रवारची दुपार होती. धुळ्याचा आग्रा रोड उन्हानं ओस पडला होता, पारसशेठ जेवायला घरी गेले होते आणि ‘पारस नॉव्हेल्टी’त या दोघींशिवाय कुणी नव्हतं. कोकिळानं हातातल्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट बसवलं. मग ते आधीच घट्ट असल्याचं लक्षात येऊनही पुन्हा फिरवलं. राग आला असं तिला वाटलं नाही. राग यायला समोरचं माणूस त्या लायकीचं लागतं, आणि अकरा वर्षांत या काउंटरच्या पलीकडे तसं कुणी उभं राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पण जिन्यावर आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं झालं. काळ्या माणसावर डाग उठून दिसत नाहीत, एवढंच त्या पोरीला म्हणायचं होतं. त्यात कुजकेपणा नव्हता. कुजकं बोलणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते कोकिळाला चांगलं येत होतं.

अकरा वर्षं ती फाउंडेशन, कॉम्पॅक्ट आणि लिपस्टिकच्या काउंटरवर उभी होती आणि समोर येणाऱ्या बायांचे तिनं मनातल्या मनात गट पाडून ठेवले होते. लग्न ठरलेल्या पोरी. त्या आईला बरोबर आणतात आणि आईच बोलते. पार्लरवाल्या, त्या गिऱ्हाइकाला मुंबईचा माल सांगतात आणि इथं येऊन सगळ्यात खालच्या फळीवरचा मागतात. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून ‘अस्संच पाहिजे’ म्हणणाऱ्या. नवऱ्याला बाहेर मोटारसायकलवर बसवून ठेवणाऱ्या आणि त्याच्या हॉर्नसरशी मिळेल ते घेऊन पळणाऱ्या. सगळ्यांना हवं असायचं एकच, आपल्याहून गोरं. एक नंबरची बाटली सगळ्यात आधी संपायची. अख्ख्या जिल्ह्यात एक नंबरच्या रंगाचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, आणि बाटल्या मात्र खोक्यानं जात होत्या. ती तोंडं मग लग्नाच्या मांडवात भेटायची. राख फासल्यासारखी, मानेपासून तुटलेली, फोटोग्राफरच्या दिव्यात जांभळट पडलेली. कोकिळाला अशा लग्नांना जायला आवडायचं. ती ताट हातात घेऊन रांगेत उभी राहायची आणि बघायची, हिला मी दिली, हिलाही मीच दिली. नवरा निंबा विचारायचा, “कोणाकडं बघून हसतेस?” ती म्हणायची, “कोणाकडं नाही. भात घ्या.”

पहिल्या वर्षी ती असं करत नव्हती. पहिल्या वर्षी तिनं प्रामाणिकपणा करून बघितला होता. शिरपूरकडची एक नवरी आली होती, छान तांबूस गव्हाळ. कोकिळानं तिला अचूक तिच्या रंगाची बाटली काढून दिली, तर आपल्या लेकीला काळी म्हटल्यासारखी भडकून आईनं ती बाटली काउंटरवर आडवी केली. “मनी आंडेर इतली काळी शे का वं? बठ्ठा गावमा तिन्हासारखी गोरी पोर नही, आनि तू हाई मातीना रंग दखाडस?” पारसशेठ गादीवरून उठून आले, हात जोडले, दोन शेड वरची बाटली दिली आणि वर टिकल्यांचं पाकीट फुकट. ती गेल्यावर ते कोकिळाला समजावणीच्या सुरात म्हणाले, “कोकिळाबाई, गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघायला येत नाही. एक शेड वर द्यायची. सगळ्यांना. हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं, मी तुम्हाला शिकवतोय.” शेठचे वडील सुगनचंद यांच्यापासूनची ही पावडरची दुकानदारी साठ वर्षांची होती. तेव्हापासून कोकिळा एक शेड वर देत आली. कुणी तक्रार घेऊन परत आलं नाही. लोकांबद्दल तिचं जे मत झालं ते मुख्यतः यावरून झालं.

आणि तिला दिसत तर सगळं होतं. ही नजर तिला माहेरी, जळगावजवळच्या असोद्याच्या केळीच्या बागेत मिळाली होती. ती नऊ वर्षांची असताना वडील तिला कापणीच्या दिवशी बरोबर न्यायचे, घडासमोर उभं करायचे आणि विचारायचे, किती दिवसांचा? सगळे घड हिरवेच. पण एक हिरवा निळ्याकडे झुकलेला असतो, एक पोपटी, एकाच्या कडांवर डोळ्याला जेमतेम जाणवेल असा पिवळेपणा धरायला लागलेला असतो. ती सांगायची चार दिवस, आणि चौथ्या दिवशी तो पिकायचा. व्यापारी हसायचे, वडील हसायचे नाहीत. तीच नजर पुढे तोंडांवर बसली. गव्हाळ म्हणून येणाऱ्या दहाजणींच्या कातडीखाली दहा वेगळे रंग असतात, कुणाचा तांबडा, कुणाचा हळदी, कुणाचा ओठांच्या कडेला राखाडी उतरलेला. काउंटरपाशी येईपर्यंत तिला तो कळलेला असायचा. बरोबरची बाटली कुठल्या फळीवर आहे तेही. आणि मग ती तिच्या शेजारची, वरची, चुकीची बाटली काढून द्यायची.

आज ही आली होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली, पाठीला कॉलेजची बॅग, आवाज खणखणीत. “काकू, फाउंडेशन पाहिजे. तीनशेच्या आत. पण गोरं करणारं नको. माझ्याच रंगाचं पाहिजे. लावलंय हे कळायला नको कुणाला. आणि माझी स्किन फार तेलकट आहे, दुपारपर्यंत काही टिकत नाही.” कोकिळानं मान वर केली. अकरा वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. कोण बोलतंय ते बघावं म्हणून ती थांबली, तर पोरीनं स्कार्फ सोडला आणि आत ते तोंड होतं: पांढरं. गोरं म्हणतात तसंही नव्हे; पाणी घातलेल्या दुधासारखं फिकट, कपाळ आणि नाक तेल लावल्यासारखं चकचकीत, आणि गालांवर, हनुवटीवर लाल फोड, एकेक मोजून घ्यावा असा. सोळा-सतराची असेल. जिल्ह्यातलं एक नंबरचं तोंड शेवटी आलं होतं. आणि प्रश्न बरोबर विचारायचं शहाणपण सुचलं तेही नेमकं हिलाच, जिला चुकीचा विचारायची गरज नव्हती. कोकिळाला हे इतकं हलकट वाटलं की कुणाचा हलकटपणा तेही तिला ठरवता येईना.

तरी तिनं काम केलं, आणि मन लावून केलं. पोरीला कोपराला धरून दाराशी उजेडात नेलं. जबड्याच्या हाडावर एकाखाली एक चार रेघा ओढल्या. तीन नंबर विटकरी दिसला. दोन नंबर पिवळा. एका कंपनीचा एक नंबर गुलाबी, बाहुलीसारखा. आणि चौथी रेघ, खालच्या ड्रॉवरात शेवटची एकच उरलेली साध्या कंपनीची बाटली, बिनतेलाची, पातळ, सुकल्यावर कोरडी बसणारी, दोनशे साठ रुपयांची, ती रेघ तिनं बोटानं थोपटली आणि ती गेली. कुठं गेली ते दिसेना. कोकिळानं मान तिरपी करून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. हातून काहीतरी नीट झाल्याचं सुख तिला इतकं अनोळखी झालं होतं की ती दचकलीच. “दहा मिनिटं थांब,” ती म्हणाली. “तेलकट तोंडावर रंग बदलतो. थांबून बघायचं असतं.” हेही तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दहा मिनिटांत पोरीनं सगळं सांगून टाकलं. नाव पुनम गिरासे. शिरपूरकडची, इथं होस्टेलला, अकरावीला. रविवारी जळगावला वक्तृत्व स्पर्धा, विभागाची. पहिला येईल तो राज्याला जाणार. मागच्या महिन्यात अमळनेरला बोलली तेव्हा स्टेजमागं मोठा पडदा होता, कॅमेरा तोंडावरच धरलेला. ती बोलत होती आणि पुढची पोरं पडद्याकडे बघून खिदळत होती. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि खाली लिहिलं, पाल बोलते. आता कॉलेजात पालच म्हणतात. “मला ना काकू, सुंदर वगैरे दिसायचं नाही,” ती म्हणाली. “लोकांनी माझं तोंड बघूच नये. नुसतं ऐकावं.” मग ती आरशाकडे गेली, वाकली, फोड दाबून बघितला आणि ते वाक्य बोलली.

कोकिळानं झाकण बंद केलेली बाटली खाली ठेवली. ओला कपडा घेतला, पोरीच्या जबड्यावरच्या चारही रेघा पुसून काढल्या आणि म्हणाली, “हा शेवटचा नको. पांढरी पडशील. तुला तीन नंबर.” फळीवरून तीन नंबरची क्रीमवाली बाटली काढली, तेलकट तोंडावर तासाभरात पाघळणारी. पुनमनं ती उजेडाकडे धरली. “थोडी गडद नाही वाटत?”

“बसली की होते बरोबर.”

एवढंच. गडद होते असं म्हणायला हवं होतं. तेलात मिसळून ती दुपारपर्यंत भाजल्या विटेसारखी होते हे कोकिळाला जितकं माहीत होतं तितकं धुळ्यात कुणाला नव्हतं. पोरगी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग “थँक यू काकू” म्हणाली, स्कार्फ गुंडाळला आणि गेली. शेठ ढेकर देत परत आले.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. कोकिळा बाटल्या देत होती, एक शेड वर, एक शेड वर, आणि हात नेहमीसारखे चालत होते; पण मध्येच एखाद्या बाईचा जबडा दिसला की तिथं रेघ गायब होताना दिसायची. तिला स्वतःचा वैताग आला. पश्चात्ताप वगैरे गोष्टी ती कीर्तनाला जाणाऱ्या बायांसाठी सोडून देत आली होती. त्यातल्या पुष्पाबाई शेजारीच राहायच्या, दर एकादशीला रडून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सुनेला धारेवर धरायच्या. आपण काय केलं? एक बाटली विकली. लोक दुधात पाणी घालतात, डॉक्टर नको ती सलाईन लावतात, आणि एका पोरीचं तोंड अर्धा दिवस विटकरी दिसलं तर काय बिघडतं? तिला बघू दे की जरा. पांढऱ्या तोंडानं जन्माला आली म्हणून काय सगळं नीटच मिळालं पाहिजे? असं म्हणून झालं की थोडं बरं वाटायचं, आणि मग ‘नुसतं ऐकावं’ हे शब्द त्या खणखणीत आवाजासकट यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणावं लागायचं. दुकान बंद करताना तिनं खालचा ड्रॉवर उघडला, पैसे गल्ल्यात टाकले आणि ती शेवटची बाटली पर्समध्ये घातली.

देवपूरला घरी येऊन तिनं निंबाला सांगितलं, “उद्या असोद्याला जाते. आईकडं.” निंबा टायरच्या दुकानात हिशेबनीस होता, शांत माणूस. त्याला आनंद झाला. “बरं केलंस. दिवाळीपासून गेली नाहीस. त्यांना शेवभाजीचा मसाला ने.” आपल्या थापेवर कुणी एवढं खूश व्हावं याचा तिला तिटकारा आला. निंबा असाच होता. लग्नाच्या दिवशी मामेबहिणीनं कोकिळाला इतकं थापलं होतं की फोटोत ती धुराच्या रंगाची आली होती, आणि अल्बम आल्यावर निंबानं तो बघून म्हटलं होतं, “ही कोण? मी तर दुसरीशी लग्न केलं.” तो हसला होता. त्याला म्हणायचं होतं की तू आहेस तशी मला चालतेस, उलट आवडतेस. बावीस वर्षं ती त्याला याची माफी देऊ शकली नव्हती. जो माणूस आपल्याला पसंत करतो त्याच्या पसंतीची किंमत ती काय धरणार? अल्बम कपाटात साड्यांच्या खाली होता. पोरबाळ झालं नाही. झालं असतं तर कोणत्या रंगाचं, हा विचार तिनं एकदाच केला होता, दवाखान्याच्या बाकावर, आणि स्वतःची इतकी किळस आली होती की नंतर तो विचार परत फिरकला नाही.

सकाळी आठची जळगाव बस. पारोळ्यापर्यंत शेजारी एक माणूस मोठ्यानं फोनवर कुणाला तरी प्लॉटचे भाव सांगत होता. एरंडोलला त्याच्या जागी एक बाई आली, ती चिवडा खात खात कोकिळाला जावेची सगळी कुळकथा सांगू लागली. कोकिळा खिडकीतून कपाशीकडे बघत राहिली. हे सगळे लोक सकाळी उठतात, तोंडं धुतात, निघतात, बोलतात. कशाच्या जोरावर? स्वतःबद्दल एवढं समाधान यांना कुठून मिळतं? तिच्या आईलाही ते होतं. असोद्याला ओट्यावर बसून ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी कोकी धुळ्याला मोठ्या दुकानात आहे. जळगाव जवळ आलं तशी कोकिळाला घाई झाली. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि थांबवणाऱ्या प्रत्येकाचा तिला राग येत होता, आणि ही घाई कसली हे ती स्वतःला विचारत नव्हती. चुकीचा माल बदलून द्यायला चाललोय, एवढंच तिनं ठरवून ठेवलं होतं.

स्पर्धेचं सभागृह सापडायला साडेअकरा वाजले. आत कुणीतरी माइकवर ‘अध्यक्ष महोदय’ म्हणत होतं. दाराशी यादी घेऊन बसलेल्या शिपायाला तिनं गिरासे विचारलं. तो म्हणाला, नंबर चौदा, आता अकरावा चालू आहे. तिच्या मॅडम आत बसल्या आहेत, पोरगी बाथरूमकडं गेली. लेडीज बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. दोन पोरी तोंडावर हात धरून बाहेर पडल्या आणि बाहेर पडताच हसल्या. आत पुनम बेसिनवर वाकून हात धुवायच्या साबणानं तोंड घासत होती. तिनं वर पाहिलं तेव्हा कोकिळाला आपलं काम दिसलं. कपाळ आणि गाल मातकट नारिंगी, मान पांढरी, मधे रेघ ओढल्यासारखी हद्द; नाकावरून ते ओघळलेलं, फोडांभोवती गोळा झालेलं, आणि जिथं घासलं तिथं कातडी सोलवटून लाल झालेली. ती रडत नव्हती. ती रडेल अशी कोकिळानं तयारी ठेवली होती. रडणाऱ्या पोरींशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं.

“तुम्ही?” पुनम म्हणाली. “इथं?”

“दुसरा नंबर दिला गेला चुकून. बदलायला आले.”

पुनमनं नळ बंद केला. तोंडावरून पाणी टपकत होतं. “चुकून नाही,” ती म्हणाली. “शेवटची रेघ माझ्या जबड्यावर दिसेनाशी झाली ते मी पण आरशात बघितलं होतं. तुमच्या तोंडावरून पण कळलं, की हीच. मग तुम्ही पुसलं आणि दुसरी दिली.”

“मग घेतलीस कशाला?”

“तुम्ही मोठ्या. मला वाटलं, तुम्हाला कळतं त्यापेक्षा मला जास्त कसं कळेल.”

कोकिळानं पर्स उघडली. “साबण नको लावू. इकडं बस.” कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची होती. तिनं आपला रुमाल भिजवून, पिळून, आधी ते सगळं टिपून काढलं, न घासता, दाबून दाबून. पाच मिनिटं नुसता गार रुमाल धरून ठेवला, लाली उतरेपर्यंत. मग डाव्या हाताच्या पाठीवर दोन थेंब घेतले आणि बोटाच्या टोकानं लावायला सुरुवात केली, जिथं लाल तिथंच, फोडांवर टिंब टिंब, कडा विरवत, बाकी तोंड तसंच सोडून. थर दिला नाही. कपाळावर आणि नाकावर पर्समधली बिनरंगाची पावडर कापसानं टेकवली, पुसली नाही. तिचे हात असं काम करू शकतात हे तिलाच नवीन होतं; अकरा वर्षं त्यांनी फक्त झाकणं फिरवली होती. मेकअप करताना पोरी डोळे मिटतात. पुनमनं मिटले नाहीत. वीतभर अंतरावरून ती पूर्ण वेळ कोकिळाकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, ओळख करून घ्यायची उत्सुकता नव्हती. कोकिळाला ती नजर परिचयाची वाटली. ती स्वतः काउंटरवरून रोज तशीच बघत होती.

“झालं,” ती म्हणाली. पुनम उठली, आरशात बघितलं, मान वळवून जबडा बघितला. काहीच नव्हतं. एक फिकट, साध्या चेहऱ्याची मुलगी होती. “किती?” तिनं विचारलं. कोकिळानं मान हलवली, तर पुनमनं बॅगेतून तीन नंबरची बाटली काढून बेसिनच्या काठावर ठेवली. “मग ही तुमची,” म्हणाली आणि गेली.

कोकिळा मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. निघून जायला हरकत नव्हती. पण काम दिव्याखाली कसं बसलंय ते तिला बघायचं होतं. चौदा नंबर आला. इथंही स्टेजमागं पडदा होता. विषय होता ‘पाणी: उद्याचं युद्ध’. पहिल्या मिनिटातच कोकिळाचा हिरमोड झाला. पोरीचा आवाज चांगला होता, पण भाषण कुठल्यातरी सरांनी लिहून दिलेलं, दर तिसऱ्या वाक्याला उजवा हात वर, दर पाचव्याला ‘मित्रहो’. यासाठी आपण बसमध्ये तीन तास घुसमटत आलो? पडद्यावर तोंड भिंतीएवढं दिसत होतं आणि त्यावर कुणाचीच नजर अडकत नव्हती. पुढच्या रांगेतली पोरं मोबाइल बघत होती, एक जांभई देत होता. पाल दिसली असती तर ही पोरं हसायला तरी वर बघत राहिली असती. आता हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून पोरं ऐकतही नव्हती. मग मध्येच पुनम थांबली. विसरली. चार सेकंद, पाच सेकंद. मॅडमनी पहिल्या रांगेतून ओठ हलवले. पुनमनं तिकडं बघितलं नाही. “आमच्या होस्टेलला एक दिवसाआड पाणी येतं,” ती एकदम वेगळ्या, खालच्या आवाजात म्हणाली, “आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी आम्ही एकमेकींच्या बादल्या चोरतो. मी पण चोरली आहे. ती माझ्या मैत्रिणीची होती.” एवढ्यात मोबाइल बघणाऱ्यांपैकी दोघांनी वर पाहिलं. कोकिळाही भिंतीला टेकली होती ती सरळ झाली. पण पुनमला हरवलेलं वाक्य सापडलं, उजवा हात वर गेला आणि मित्रहो परत आले. शेवटी घंटा वाजली.

निकाल दीड वाजता लागला. पुनमला उत्तेजनार्थ. राज्याला जाणारा पहिला नंबर जळगावच्याच कुणा मुलाचा. ती प्रमाणपत्र घेऊन उतरली, घामानं मान ओली होती, तोंड जसंच्या तसं. बाहेर व्हरांड्यात तिच्या मॅडमनी तिला खांद्याला धरलं, “जाऊ दे गं, पुढच्या वर्षी,” म्हणाल्या आणि मग त्यांना कोकिळा दिसली, कारण पुनमनं एकदा तिच्याकडे पाहिलं होतं. “या कोण?”

“दुकानातल्या काकू. यांनीच मघाशी नीट करून दिलं.”

“अगं बाई! धुळ्याहून आल्या? एवढ्यासाठी?” मॅडम गोऱ्या, ठेंगण्या, उत्साही. त्यांच्या तोंडावर दोन शेड वरचा थर होता आणि कपाळाशी केसांत जाऊन तो फुटला होता. “काय हात आहे हो तुमचा! मला वाटलं हिचे फोड बरे झाले. डिसेंबरात आमचं गॅदरिंग आहे, पन्नास-साठ पोरी असतात, याल का? मानधन देऊ आम्ही. तुमच्यासारखं माणूस शोधत होतो.”

कोकिळानं तोंड उघडलं. हो म्हणायचं तिनं ठरवलं नव्हतं, पण ते तोंडात आलेलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ साठ तोंडं ओळीनं बसलेली, एकेकीला उजेडात नेऊन, एकेकीचा खरा रंग. तिला ते खरोखर दिसलं.

“नको मॅडम,” पुनम म्हणाली. आवाज साधा होता, वर्गात उत्तर द्यावं तसा. “यांना नका बोलवू. यांना माणसं आवडत नाहीत.”

“पुनम! काय बोलतेस?” मॅडम ओशाळून हसल्या. “अहो, हरली ना आज, म्हणून चिडली आहे. सॉरी म्हण बघू.”

“राहू द्या,” कोकिळा म्हणाली. “चिडून नाही बोलली.”

तिनं पर्समधून ती दोनशे साठची बाटली काढून पुनमपुढे धरली. पुनमनं घेतली. आभार मानले नाहीत, आणि परतही केली नाही. व्हरांड्यात पोरं जेवणाच्या पाकिटांसाठी रांग लावत होती. कोकिळा त्यांच्यामधून वाट काढत बाहेर आली. फाटकाशी असोद्याची रिक्षा भरत होती, रिक्षावाला ओरडला, “असोदा, असोदा, एकच शीट!” मसाल्याचं पाकीट तिच्या पर्समध्ये होतं. तिनं रिक्षाकडे पाहिलं, आत दाटीनं बसलेल्या बायांकडे, त्यांच्या मांडीवरच्या पिशव्यांकडे, एका बाईनं आधीच सरकून तिच्यासाठी केलेल्या चार बोटं जागेकडे. मग ती चालत स्टँडवर गेली.

धुळ्याच्या बसला रविवारची गर्दी होती, पण ती लवकर पोचल्यामुळे खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या सीटवर तिनं पर्स ठेवली. लोक चढत राहिले. एक म्हातारा थांबला, तिनं सांगितलं, “येणार आहे कोणीतरी.” कडेवर मूल घेतलेली एक बाई थांबली, तिलाही तेच. गाडी सुटली. माणसं उभी होती, दांड्यांना धरून, वळणावर एकमेकांवर कलंडत. कोकिळा खिडकीबाहेर बघत होती. यांना माणसं आवडत नाहीत. हे तिला कुणी शिवी म्हणून दिलं असतं तर तिनं दुप्पट परत केली असती. त्या पोरीनं नुसतं सांगितलं होतं, कुणाला साखर चालत नाही हे सांगावं तसं. आणि तिच्या मनात येत राहिलं की आपल्यालाही हे ठाऊक होतं, पण आपण नेहमी समजत आलो की ही माणसांची चूक आहे.

एरंडोलच्या अलीकडे कंडक्टर तिकिटं फाडत आला. पर्सकडे त्यानं पाहिलं, मागं मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

“कोन येणार शे वं बाई आठे?”

कोकिळानं त्याच्याकडे पाहिलं. नाव घ्यावं म्हणून ती खरंच क्षणभर शोधत राहिली.

“कुणी नाही,” ती म्हणाली, आणि पर्स उचलून मांडीवर घेतली.